काचेआडचं धुकं

खोलीचं कुलूप काढलं, पण दार ढकलण्याआधी नानासो माझ्याकडे वळला. "सर, मन घट्ट करा. लय वाईट झालंय."

नानासो महाबळेश्वरातल्या एका मध्यम हॉटेलचा व्यवस्थापक. मूळचा सांगलीकडचा. मी तिथल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो, तेव्हा हा शाळेच्या चड्डीत येऊन पुस्तकं न्यायचा. निवृत्तीनंतर मी जलरंगांच्या नादी लागलो, आणि शहाण्णवच्या मे महिन्यात नानासोने हॉटेलच्या कॅरमच्या खोलीत माझं प्रदर्शन लावून दिलं. प्रदर्शन हा शब्द मी अजूनही चाचरतच लिहितो. पाहुणे जेवायला जाता-येता डोकावायचे, 'छान आहे' म्हणायचे आणि आइस्क्रीम कुठे चांगलं मिळतं ते विचारायचे. एकही चित्र गेलं नाही. मी ती उतरवायला लागलो तेव्हा नानासोच म्हणाला होता, "आवं, कशाला उतरवताय? दिवाळीला परत सीझन हाय. राहू द्यात की भिंतीवर."

मी राहू दिली, आणि पावसाळा सरल्यावर आता परत आलो होतो. सांगलीच्या माणसाला पाऊस म्हणजे फार तर कृष्णेचं पाणी घाटाच्या पायऱ्या चढून येणं. इथे पावसाळ्याआधी लोक घरांना बाहेरून वाळल्या गवताचे जाड पडदे बांधतात, हे मी पाहिलं होतं. एका चित्रात काढलंही होतं. जे भिंतींना सोसत नाही ते कागदाला कसं सोसेल, हे मात्र मनात आलं नाही. सगळं आयुष्य पुस्तकांत घालवून मला कागदाची एवढीही ओळख नसावी!

आत ओल्या गोणपाटासारखा वास होता. बहुतेक चित्रं उतरवून कोपऱ्यात उभी केली होती. काचांच्या आत काळे, हिरवट ठिपके पसरले होते.

"झाडलोटीची दगडाबाई ओलं फडकं घेऊन पुसायला निघाली होती," नानासो म्हणाला. "मी आडवली. म्हटलं, बये, सरांची मेहनत हाय ती."

"आणि ते केट्स पॉइंटचं?" मला त्या एकाच चित्राची काळजी होती.

"त्ये भिंतीवरच ठेवलंय. त्येवढं एकच बरं दिसतंय बघा."

ते चित्र मी तीन वर्षांपूर्वी काढलं, तेव्हा चारुलता होती. मला माणसं काढता येत नाहीत. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय एवढं जाणवलं की माझा हात आखडतो. एरवी बोलतानाही तसंच होतं. तिला हे लग्नापासून ठाऊक. "अहो, मी तिकडे तोंड करून बसते," ती म्हणाली होती. "तुम्ही काढा. मला काही कळायचं नाही." आणि दरीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ फिरवून ती कातळावर बसली. लाल शाल, ढिला अंबाडा, खाली धोम धरणाचं पाणी. पायाला मुंग्या आल्या असतील, पण हलली नाही. मध्ये एकदाच, मान न वळवता, "झालं का हो?" म्हणाली.

मी काढलेलं ते एकच माणूस माणसासारखं उतरलं. निदान मला तसं वाटतं. पुढच्या वर्षी ती गेली. घरात तिचे फोटो आहेत, पण फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघते, सगळेच बघतात तशी. माझ्यासाठी पाठ फिरवून बसलेली चारुलता त्या चित्रातच आहे. असलं चित्र मी पावसात मागे ठेवून गेलो.

मी जवळ गेलो. काचेआड खालून वर पांढुरकी बुरशी चढली होती, ठिपक्याठिपक्यांनी नाही, अगदी एकसारखी. दरी झाकली होती, धोमचं पाणी झाकलं होतं, कातळही अर्धा झाकला होता. खरंच धुकं उतरल्यासारखं दिसत होतं. इतकं चांगलं धुकं मला आजवर जमलेलं नाही. पण चारुलता कुठे दिसेना.

"त्यात काय न्हाई सर," नानासो म्हणाला. "फ्रेम खोलायची, उन्हात ठिवायची आन् कोरड्या ब्रशनं हलकं झाडायचं. निघतंय ते. फकस्त कवा कवा रंग बी निघतो." त्याने कोपऱ्यातली दोन चित्रं वळवून दाखवली. बुरशी गेली होती, आणि तिच्याबरोबर झाडं, वाट, डोंगराची कडही गेली होती. "मी करून बघितलं. चुकलंच माझं."

मी ती दोन्ही चित्रं पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगलं ऊन पडलं. चित्र कॅरमच्या टेबलावर घेतलं, मागचे खिळे पकडीने वाकवले, रुंद कोरडा कुंचला हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो. झाडलं तर कदाचित ती खाली असेल. कदाचित कुंचल्याला लागून निघून येईल. नाही झाडलं, तर ती आहे की नाही हे कधी कळणारच नाही. मी खिळे सरळ केले, पुन्हा वाकवले, पुन्हा सरळ केले. चित्र भिंतीला टेकवून उभं केलं आणि लांबून बघू लागलो.

"प्रदर्शन चालू आहे का?" दारातून आवाज आला.

मी "संपलं" म्हणालो, पण माझा आवाज बहुतेक वेळा समोरच्यापर्यंत पोचत नाही. एक तरुण मुलगी आत आली. मागोमाग तिचा नवरा, हातात फुटाण्यांची पुडी.

"पुष्कर, हे बघ ना!"

"बघतोय. बाहेर अख्खं महाबळेश्वर धुक्यात असतं, फुकट. आणि श्रद्धा मॅडम आत येऊन धुकं बघतात."

"ते साताऱ्याला घरी नेता येतं का?"

"पोतं आणलं असतंस तर भरून दिलं असतं."

ती चित्रासमोर वाकली. "काका, हे तुम्ही केलंत? धुकं किती छान आहे! कसं काढलंत?"

मे महिनाभर त्याच खुर्चीत बसून मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. उत्तरही मनात घोकून ठेवलं होतं. कागद आधी भिजवायचा, पाटी तिरकी धरायची, रंग आपोआप उतरू द्यायचा. ते सगळं ओठांपर्यंत आलं.

"मी नाही काढलं," मी म्हणालो. "बुरशी आहे ती."

पुष्करला हसताना फुटाण्याचा ठसका लागला. "बघ! आता बुरशी विकत घेणार होतीस. आपल्या न्हाणीघरात एवढं मोठं प्रदर्शन लागलंय, त्याचं कधी कौतुक केलं नाहीस!"

"गप रे." ती आणखी वाकली. "आणि या बाई? त्या तरी तुम्हीच काढल्यात ना?"

"कोण बाई?"

"या काय, पाठमोऱ्या बसल्यात." तिने काचेवर बोट टेकवलं. "शाल आहे ना ही? गार वाजत असेल त्यांना."

मी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. तिचं बोट होतं तिथे पाहिलं. पांढुरक्यात काहीतरी तांबूस होतं. असावं.

"मला तर दगड दिसतोय," पुष्कर म्हणाला.

"तुला डोळ्यांसमोरचा मिठाचा डबा दिसत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच, "कोण आहेत?"

"माझी बायको."

"तुम्ही चित्र काढताय हे त्यांना माहीत होतं?"

"हो. म्हणूनच पाठ करून बसली."

तिने मान डोलावली. जाताना म्हणाली, "विकणार का हे?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला हे विचारत होतं.

"नाही," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की मीच दचकलो.

"सुटलो!" पुष्कर म्हणाला आणि त्याने पुडी माझ्यापुढे धरली. "घ्या हो काका." मी मूठभर घेतले.

ते गेल्यावर खिळे नीट ठोकून टाकले आणि कुंचला पिशवीत घातला. चहा घेऊन आलेला नानासो म्हणाला, "झाडलं न्हाई व्हय?"

"नको. राहू दे."

"आवं, पर ती वाढंल की!"

"सांगलीच्या हवेत नाही वाढायची," मी सांगितलं. खरं म्हणजे मला त्यातलं काही कळत नाही.

चित्र आता सांगलीच्या घरी, माझ्या खाटेसमोरच्या भिंतीवर आहे. एखाद्या दिवशी मला तिचा खांदा दिसतो, शालीची कड दिसते. पुष्कळदा नुसती बुरशीच दिसते. मग शंका येते. हातात कुंचला धरून बसलेला म्हातारा बघून त्या पोरीने मला बरं वाटावं म्हणून तर सांगितलं नसेल? पण मग शाल कशी ओळखली? तर महाबळेश्वरला शाल कोण घेत नाही! असं माझं माझ्याशीच चालू असतं. घरात दुसरं बोलायला कोणी नाही.

परवा केर काढायला येणाऱ्या सुलाबाई म्हणाल्या, "आजोबा, काच लय मळलीया. पुसू का?"

"बाकीच्या पुसा," मी म्हणालो. "ती नको."

त्या काचेवर श्रद्धाच्या बोटाचा ठसा आहे. ऊन तिरकं आलं की तो उठून दिसतो. ज्या दिवशी मला काही दिसत नाही, त्या दिवशीही नेमकं कुठे बघायचं, तेवढं त्याच्यामुळे कळतं.