जाणाऱ्यांची खिडकी

“नाही,” काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि तिने काजवालीचा पासपोर्ट तिकिटासकट परत सरकवला.

त्या देशाच्या भाषेतले मोजकेच शब्द काजवालीला येत होते. नाही, लवकर, पुन्हा कर, उसव. कारखान्यात एवढ्यावर भागायचं. मुलगी पुढे बरंच बोलली, तेही हसून बोलली, पण काजवालीला त्यातला ‘नाही’ तेवढा कळला. मुलीने लांब भिंतीतल्या एका खिडकीकडे बोट दाखवलं आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

काजवाली बॅग ओढत बाजूला झाली. आज तिच्या परवान्याचा शेवटचा दिवस होता. उद्या सकाळी ती या देशात सापडली, तर कायद्याने गुन्हेगार ठरणार होती. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईचं असंच विमान चुकलं होतं आणि तिला पोलीस घेऊन गेले होते. पुढे तिचं काय झालं ते प्रत्येकजण वेगळं सांगायचा, आणि त्यातलं एकही ऐकवत नसे.

“मेले, सरळ चाल की जरा!”

काजवालीने दचकून पाहिलं. फरशी पुसणारी एक बाई आपल्या बादलीच्या गाडीला दटावत होती, आणि चक्क आपल्या भाषेत दटावत होती. काजवालीला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

“मावशी, अहो मावशी, ती मुलगी मला नाही म्हणतेय. त्या खिडकीत काय आहे?”

मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “कर भरायचा. देश सोडायचा कर. पावती आणलीस की घेतील आत.”

“पण तिकिटाचे पैसे दिलेत ना!”

“ते विमानाचे. हे सरकारचे.”

“मी तर चाललेय हो. जाणाऱ्या माणसाकडून कसले पैसे घेतात?”

“जाणाऱ्याकडूनच घ्यायला हवेत. राहणारा कुठे पळून चाललाय?” मावशी हसली, पण समोरचा पडलेला चेहरा बघून लगेच थांबली. “नाहीत का पैसे? इथलं चलन नसेल तर डॉलर दे. दोन्ही चालतं. मात्र लवकर कर. तुझ्या विमानाची रांग बघ, संपत आली.”

पैसे नव्हते. म्हणजे पाकिटात नव्हते. आणि त्याला कारण होता खोलीचा रिवाज.

त्या खोलीत चौघी राहायच्या. कारखान्यात शर्ट शिवत, पण अख्खा शर्ट एकीनेही कधी शिवला नव्हता. एक कॉलर लावायची, एक बाह्या, एक खिसे, आणि ही काजं करायची. नावंही तीच पडली. चौघी मिळून एक माणूस झाकतो आपण, असं कॉलरताई म्हणायची. ती सगळ्यांत मोठी, म्हणून तिला तेवढं ताई. खोलीतून कुणी कायमची घरी निघाली, की तिने या देशाचं नाणंसुद्धा बरोबर न्यायचं नाही, उंबऱ्यावर सगळं मागे राहणाऱ्यांना देऊन टाकायचं. नाणं बरोबर गेलं तर ते माणसाला परत ओढून आणतं, असं त्या सगळ्या मानायच्या. परत यायची तर कुणाचीच इच्छा नव्हती. आजवर निघालेल्या बायकांचा हा कर कंपनीचा माणूस भरत असणार, कारण तो सगळ्यांना एकदम घेऊन यायचा. काजवाली मात्र एकटी निघाली होती. काजं करायचं नवं मशीन आलं आणि तिचा परवाना वाढवायची कुणाला गरज उरली नाही. आज सकाळी तिने पाकीट झटकून बाहीवालीच्या ओंजळीत रिकामं केलं, वर फोनही देऊन टाकला. किती मोकळं वाटलं होतं तेव्हा!

पैसे होते ते अंगावरच्या जाकिटात. पण ते तिचे नव्हते.

तिने स्वतःची कमाई दर महिन्याला लेकीच्या शिक्षणासाठी पाठवून संपवली होती. जाकिटात होती ती बाकी तिघींची. पाठवणारे दलाल मधल्यामध्ये बरंच खातात, म्हणून घरी जाणाऱ्या बाईबरोबर डॉलर पाठवायचे असं ठरलं. उरल्यासुरल्या कापडाचं हे जाड जाकीट तिघींनी मिळून शिवलं आणि सुट्टीच्या दुपारी पलंगावर बसून एकेकीने आपापली पुडी अस्तरात घातली; चौथा कोपरा काजवालीचा, तो रिकामाच राहिला. एकजण पुडी घालताना बाकीच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग जिने तिने आपल्या हाताने टाके घातले. कुलूप नाही, किल्ली नाही. टाका बघून कळतं कुणी घातला, आणि दुसऱ्याचा टाका उसवायचा नाही, एवढंच. खिसेवालीने टीपेवर टीप मारली होती आणि वर म्हणाली होती, “वाटेत एक दोरा जरी निघाला ना, तर मी तिथे येऊन तुझी चामडी उसवीन.”

काजवाली स्वच्छतागृहात शिरली. तिने दाराला आतून कडी घातली आणि जाकीट काढून मांडीवर घेतलं. कॉलरच्या मागे टोचून ठेवलेली सुई तिने काढली. सुईशिवाय त्या चौघी कुठेच जात नसत.

कुणाचं उसवायचं?

बाहीवालीची ही पहिलीच कमाई होती, बापाच्या उपचाराची. तिथे हात लावायचा विचारही नको. खिसेवालीची तर भीतीच वाटत होती. राहिली कॉलरताई. ताईने तिला या देशात उभं केलं होतं. पहिल्या दिवशी ती घाबरून मशीनखाली लपली, तेव्हा ताईच तिच्या शेजारी खाली येऊन बसली होती. ताईची कमाईही सगळ्यांत जास्त. तिकडे तिच्या घरावर दुसरा मजला चढत होता, त्याच्या खिडक्यांना कुठला रंग द्यायचा यावर खोलीत वाद होत. ताई रागावणार नाही, असं काजवालीने मनाला समजावलं. तरी सुई टोचताना तिला रडू आलं.

ताईचे टाके मानेमागे, अस्तराच्या वरच्या बाजूला होते. ते वाकडे होते. एक मोठा, एक लहान, एक तर भलतीकडेच गेलेला. घाईत घातले असतील, असं त्या दिवशीही काजवालीला वाटलं होतं. दोन ओढींतच ते निघाले.

आतली पुडी जाड होती आणि छान कडक लागत होती. तिने ती उलगडली.

आत बकरम होतं. कॉलर ताठ राहावी म्हणून तिच्या आत घालतात ते पांढरं, खळ लावलेलं कापड. नोटेच्या मापाने कापलेले त्याचे तुकडे एकावर एक नीट रचले होते. काजवालीने ते पुन्हा पुन्हा चाळले. मध्ये कुठेतरी एखादी नोट असेल, शेवटी तरी असेल. नव्हती.

आधी तिला वाटलं, चोरी झाली. माझ्यावर आळ येणार. मग तिचा हात त्या वाकड्या टाक्यांच्या दोऱ्याला लागला आणि हळूहळू एकेक गोष्ट जागेवर येऊन बसली.

“काजे, एवढी सुई ओवून दे गं, आळस आलाय मला.” वर्षभर ताई हे रोज म्हणत होती. आणि ही रोज ओवून देत होती, चेष्टा करत होती, की सुनेला कामाला लावायची सवय आत्तापासूनच लागली वाटतं. ताईच्या टेबलावरून कॉलरींचे गठ्ठे परत यायचे. मुकादम ‘पुन्हा कर’ म्हणून ओरडायचा. बिघडलेल्या प्रत्येक कपड्याचे पैसे पगारातून कापतात हे कुणाला ठाऊक नव्हतं? ताई पगाराच्या दिवशी हसतच यायची, कोपऱ्याकडे तोंड करून पाकीट ठेवायची आणि दुसऱ्या मजल्याच्या गप्पा काढायची.

ताईला दिसत नव्हतं. आणि ते कळू नये म्हणून, सगळ्याजणी पुड्या घालत असताना आपला हात रिकामा दिसू नये म्हणून, तिने अंधुक डोळ्यांनी बसून हे तुकडे कापले होते. जाकीट देताना ती म्हणाली होती, “आईला सांग, घाईने उघडू नकोस. ट्रंकेत ठेव. मी आल्यावर मिळून उघडू.”

मी आल्यावर. काजवालीला आता खरी भीती वाटली, स्वतःपुरती नव्हे अशी. ताईचा परवाना संपेल तेव्हा ती याच काउंटरवर येऊन उभी राहील. तिलाही ती मुलगी हसून ‘नाही’ म्हणेल आणि खिडकीकडे बोट दाखवेल. ताईला खिडकी तरी दिसेल का? आणि जाकिटात कुणाची पुडी असेल?

दारावर थाप पडली. “अगं ए, आहेस का गेलीस? रांग संपली बघ!”

काजवालीने खिसेवालीच्या टीपेत सुई घातली. ती टीप हलेना. तिने दाताने दोरा तोडला, अस्तर टरकन फाटलं, ओठातून रक्त आलं. खऱ्या नोटा हाताला लागल्या. त्यांतली एकच तिने ओढली आणि बाकीच्या तशाच आत कोंबल्या. खिसेवालीच्या नवऱ्याला हे भरून देईन, आधी त्याला सगळं खरं सांगेन, असं ती तोंडाने पुटपुटत होती. कुणाला सांगत होती ते तिलाही कळत नव्हतं.

खिडकीतल्या माणसाने नोट उजेडाकडे धरली. मग बोटाने घासली. मग पुन्हा उजेडाकडे धरली. त्याने शिक्का मारला, पावती दिली आणि उरलेल्या पैशांची त्या देशाची नाणी पुढे सरकवली. तिने ती न बघताच मुठीत घेतली आणि धावली.

काउंटरवरची मुलगी उठायच्या बेतात होती. तिने पावती पाहिली, घड्याळ पाहिलं आणि ओठ मुडपून बॅग पट्ट्यावर घेतली.

मावशी बादलीपाशी उभीच होती. काजवाली तिच्याकडे आली, धापा टाकत.

“मावशी, आमच्यातली एक येईल इथे. कधी ते माहीत नाही. तिला नीट दिसत नाही. मोठी आहे, खूप हसते. तिला त्या खिडकीपाशी...”

“इथे रोज शंभर येतात गं,” मावशी म्हणाली. मग तिने फडकं पिळलं. “मी आहे तोवर बघेन. मी किती दिवस आहे, ते काय माझ्या हातात आहे?”

आत जायच्या दाराशी काचेची एक पेटी ठेवलेली होती. जाणारे लोक खिशातली उरलीसुरली नाणी तिच्यात टाकत होते. एका म्हाताऱ्याने तर खिसा उलटा करून झटकला. काजवाली पेटीपाशी थांबली. तिच्या मुठीत नाणी घामाने ओली झाली होती. मागचा माणूस खाकरला. तिने मूठ उघडली नाही, आणि ती तशीच पुढे गेली.

विमान वर चढलं तेव्हा शेजारच्या बाईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. काजवाली येताना अशीच बसली होती, ताईचं मनगट धरून. आता तिने जाकीट मांडीवर घेतलं. आधी खिसेवालीचं फाटलेलं अस्तर सांधलं, आपल्याच टाक्याने, लपवाछपवी न करता. मग बकरमचे तुकडे पुन्हा पुडीत नीट बांधले आणि मानेमागे ठेवले. तिथे तिने टाके घातले ते वाकडे. एक मोठा, एक लहान, एक भलतीकडेच गेलेला. सरळ हाताला वाकडं शिवणं फार जड जात होतं. दोनदा तिला उसवून पुन्हा घालावे लागले. ताईच्या आईला सगळं सांगायचं, की पुडी देऊन गप्प बसायचं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं. पण ताईचा टाका मोडलेला कुणाला दिसायला नको, एवढं तिचं पक्कं होतं.

जाकिटाचा चौथा कोपरा अजून रिकामा होता. तिचा स्वतःचा. तिने पाकिटात ठेवलेली नाणी काढून त्यात घातली. ताईकडे परत ओढून नेतील तर नेऊ देत, असं मनाशी म्हणत तिने ती पक्की शिवून टाकली.