वेल सकाळी वळवायचा नसतो

मस्करीत माझा हात कोणी धरणार नाही. पोरं लग्नाला आली, तरी शेजाऱ्याच्या चपला लपवल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. पण भोपळ्याच्या वेलाचं जे केलं, त्याला मस्करी म्हणायला जीभ वळत नाही.

माझा मोठा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. गेल्या वर्षी आजारातून उठला आणि उजवा हात थरथरायला लागला. दुकान बंद. डॉक्टर म्हणाले, हाताला नाजूक काम द्या. म्हणून त्यानं परसात राक्षसी भोपळा लावला, आत माणूस बसेल एवढा होणारा. कोवळा वेल निघाला भिंतीकडे. त्याला मोकळ्या जागेकडे न्यायचा, तर रोज दुपारी उन्हानं मऊ पडला की दोन काड्या देठाला टेकवून बोटभर सरकवायचा. बाकीचं उद्या.

"हा न मोडता वळला ना," दादा म्हणायचा, "की दुकान उघडतो."

"उघड बाबा. सगळी गल्ली उशिरा कामाला जातेय."

"तू कधी वेळेवर गेला होतास?"

एका सकाळी दादा आंघोळीला गेला. माझ्यातला मस्करीचा किडा वळवळला. म्हटलं, वेल थेट न्हाणीच्या दाराकडे करू, बाहेर आला की बसेल डोकं खाजवत. काड्या उपटल्या, वेल धरला, फिरवला. कट्ट.

सकाळी वेल पाण्यानं तट्ट असतो, हे मला कुठं ठाऊक. एका सालीवर लोंबत होता. मी तो जागेवर टेकवला, मोडलेल्या ठिकाणी माती ओढली, काड्या रोवल्या. जुळेल, असं स्वतःला सांगितलं.

दुपारी पानं माना टाकून होती. पण ती रोजच टाकायची. दादानं काड्या सरकवल्या आणि वेल त्याच्या हातात आला. त्यानं वेलाकडे बघितलंच नाही. हाताकडे बघत राहिला.

"गेला," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी तो दुकान मागणाऱ्याला फोन लावत होता. मी म्हटलं, "दादा, थांब. वेल मी मोडला. सकाळी."

"आज मस्करी नको रे."

"पोरांची शपथ."

तो हसला, फोन कानाला तसाच. "जन्मात खरं बोलला नाहीस, आणि आता माझ्यासाठी खोट्या शपथा?"

वहिनीनं डोळे पुसले. "भावजी, कळतं हो आम्हाला."

मी दादाला हाताला धरून परसात नेलं, मोडलेल्या जागी सकाळपासून सुकलेलं खोड दाखवलं. "उन्हानं सुकतं," म्हणाला.

दुकानात आता चाव्या बनवणारा बसतो. दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, माझ्या भावानं माझी चूक अंगावर घेतली. मी मान खाली घालतो, तर म्हणतो, बघा, किती साधा आहे.