साडेपाच फूट, पण कुठून?

तारिक मिस्त्रीने बनवलेली ट्रॉली आज रेल्वेच्या रुळावर चढणार, ही बातमी ढाणकीत इतकी पसरली की सकाळी नऊलाच नव्या लाइनीवर चाळीसेक माणसं गोळा झाली होती. ट्रॅक्टरच्या कामात तारिकचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. आज तर त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

काम अमरमुळे मिळालं होतं. अमर गावचाच पोरगा, लाइन टाकणाऱ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर, नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. ज्या चारचाकी बाकड्यावर, म्हणजे ट्रॉलीवर, बसून साहेब लोक रूळ तपासतात, त्याच्यावर रिव्हर्स येणारा डंपर चढला. फक्त चाकं शाबूत राहिली. तपासणीला इंजिनिअर मॅडम तीन दिवसांनी येणार होत्या. अमरने स्वतःच्या जबाबदारीवर नवी ट्रॉली बनवायला तारिकला सांगितलं आणि फोनवर माप दिलं, "चाचा, रुळाची रुंदी साडेपाच फूट."

"फोन ठेव. चाकं बसवणं मले शिकवू नको," तारिक म्हणाला होता.

आठ जणांनी ट्रॉली उचलून रुळावर ठेवली. डावी दोन्ही चाकं झोकात बसली. उजवी दोन्ही रुळाच्या आत, गिट्टीत धाडकन उतरली. मागे कोणीतरी हसलं, आणि तारिकचं डोकं फिरलं.

"अमऱ्या, कसं माप देलं बे तू? अक्कल हाये का नाही? लोकायपुढं माझं नाक कापलं तू."

अमरचा चेहरा पडला. "चाचा, साडेपाचच आहे हो. मॅडम अकराला येऊन राह्यल्या. हे नाही चाललं तर माझी नोकरी गेली."

तारिकने टेप काढून चाकांना लावला. या चाकाच्या मध्यापासून त्या चाकाच्या मध्यापर्यंत बरोबर साडेपाच फूट. आता बोला.

त्याची मुलगी अलफिया आयटीआय झालेली फिटर. ती वाद घालत बसली नाही. पलीकडे मजूर एक लोखंडी दांडा दोन रुळांच्या मधे आडवा घालून माप बघत होते, तिकडे ती गेली आणि तिथूनच म्हणाली, "अब्बा, हे लोक आतून मोजतात. या रुळाच्या आतल्या अंगापासून त्या रुळाच्या आतल्या अंगापर्यंत."

ट्रॅक्टरची रुंदी टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. कपाशीची ओळ असो की तुरीची, तीस वर्षं तारिकने तशीच मोजली. इथे रुळाचा माथाच जवळजवळ तीन इंच रुंद, तेवढंच चाकांमधलं अंतर कमी पडलं होतं. तारिकला ते एका क्षणात कळलं. पण तोंडाने तो म्हणाला, "मंग फोनवर तसं सांगाले काय झालं होतं याले?"

बरं, चाकं ज्यावर बसतात तो आस त्याने दोन्हीकडे लांब ठेवला होता. पीक बदललं की चाकं सरकवायची, ही ट्रॅक्टरवाल्यांची खोड. प्रत्येक चाक दीड इंचभर बाहेर घ्यायचं, नवी भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे. जनरेटर सुरू झाला. अलफियाने ड्रिल धरलं, तारिकने आस धरला, अमर भोकावर पाणी ओतत राहिला. ड्रिलचे दोन बिट तुटले. हसणारे आता हसत नव्हते, उलट दर दोन मिनिटांनी घड्याळात बघून वेळ सांगत होते. अकराला पाच कमी असताना ट्रॉली पुन्हा उचलली. चारी चाकं रुळावर बसली आणि गर्दीतून शिट्टी निघाली.

मॅडम आल्या. त्यांनी वाकून चाकं पाहिली, माप घेतलं, समाधानाने मान हलवली. मग आसावरची जुनी, रिकामी भोकं दिसली. "माप कोणी चुकवलं?"

"मी, मॅडम," अमर म्हणाला. "फोनवर नीट सांगितलं नाही."

तारिक नखातलं ग्रीस काढत राहिला.

"तुमच्याबद्दल ठेकेदाराशी बोलावं लागेल," मॅडम म्हणाल्या आणि तारिककडे वळल्या. "मिस्त्री, बसा शेजारी. ज्याने बनवली त्याने आधी बसायचं."

दोघांनी ढकललं आणि ट्रॉली धावू लागली. ना खड्डा, ना गचका. बाजूची सोयाबीनची शेतं सरसर मागे जात होती, वारा शर्टात भरत होता, आणि त्रेपन्न वर्षांचा तारिक पोरासारखा हसत होता. इतका आनंद त्याला निकाहाच्या दिवशीही झाला नव्हता. पण हसता हसता त्याने मागे वळून पाहिलं, तर मान खाली घालून उभा असलेला अमर दिसला. त्याने ब्रेक ओढला.

मॅडमनी बाकडं घट्ट धरलं. "काय झालं? चाक सुटलं?"

"चाकं पक्की हायेत. माघारी घ्या."

ट्रॉली मोडली असं वाटून गर्दी पुढे धावली. तारिक उतरला आणि थेट अमरसमोर उभा राहिला.

"मॅडम, यानं माप बरोबर देलं होतं. मोजलं मी चुकीचं."

"जाऊ द्या चाचा," अमर पुटपुटला.

"जाऊ कसं देऊ? बोललो तं सगळ्यायपुढं ना?" तारिकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गर्दीकडे वळून ओरडला, "चुकी माझी होती, या पोराची नाही. मागच्यायले ऐकू आलं का?"