एकोणीसची बॅच

विनिताने पुन्हा घसा खाकरला. "सुरू करायचं का आता?"

कोणी ऐकलंच नाही. दुबईत, अल बर्शातल्या मॉलमध्ये, बर्फाच्या रिंकशेजारच्या कॅफेत त्यांच्या हौशी आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट होता. नवे खेळाडू शेजारच्या टेबलावर बॅगा घेऊन ताटकळत होते, आणि त्यांतून टीम निवडायच्या सोडून दोन जुने कॅप्टन, सिद्धांत आणि नीरव, आजवरचा सगळ्यात भारी ड्राफ्ट कोणता यावर हमरीतुमरीवर आले होते. तिसरी कॅप्टन विनिता. कॅप्टन म्हणून तिचं हे पहिलंच वर्ष.

"अमेरिकेतल्या एनएचएल लीगचा दोन हजार तीनचा, तसा आपला दोन हजार एकोणीसचा!" सिद्धांतने टेबल बडवलं.

"छोड यार. बावीसवाल्यांनी तुम्हाला धुतलं होतं," नीरव म्हणाला.

"तोवर आमचे अर्धे कॅनडाला गेले होते!"

"आणि एकवीस?" विनिताने विचारलं.

"एकवीस धरूच नको. त्या वर्षी होतं कोण?" मग सिद्धांतला आठवलं, विनिता एकवीसच्याच ड्राफ्टमधली. "तुझ्याबद्दल नाही गं."

तिची कानशिलं तापली. ती काही बोलणार, तोच नीरवने नव्यांच्या टेबलाकडे मान उडवली. "अँड धिस इयर? ओन्ली फिलर्स, नुसती भरती. खलास."

शारजाहून ऑफिस लवकर सोडून आलेली एमान त्या टेबलावरून उठली, बॅग खांद्याला लावली आणि लिफ्टकडे निघाली. विनिता मागे धावली.

"थांब. मी तुलाच पहिली घेतेय," ती इंग्रजीत म्हणाली.

"मला खेळताना पाहिलंयस?"

"नाही."

"मग हा तुझा त्यांच्यावरचा राग झाला. माझं काय त्यात?"

लिफ्टचं दार मिटलं. विनिता पाय आपटत मागे वळली. ती परतली तेव्हा एकोणीस-बावीस चालूच होतं.

"माझी पहिली निवड, एमान," ती ओरडली. आता कुठे दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"ती तर गेली," सिद्धांत म्हणाला.

"मग तिची जागा रिकामी ठेवीन. यल्ला, चल, तुझी पाळी."

जागा ठेवल्याचं कळून शनिवारी प्रॅक्टिसला एमान आली, तीही उशिरा. हसली नाही. स्केट्सच्या नाड्या आवळत म्हणाली, "आधी बघ. मग ठरव."

एमान बर्फावर उतरली, आणि विनिता कठड्याला टेकून उभी राहिली. पलीकडे सिद्धांत कुणाला तरी एकोणीसची बॅच समजावून सांगत होता.

"सिद्धांत," ती म्हणाली, "गप्प बस आणि समोर बघ."