शर्यतीच्या दिवशी इस्लात

आठ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता माझ्या चार वल्हेकऱ्यांपैकी तिघेच धक्क्यावर हजर होते. विस्तिनचा पत्ता नव्हता. होड्यांची शर्यत तीन वाजता. आमच्या बिर्गू गावाने अकरा वर्षांत विजेत्याचा झेंडा जिंकला नव्हता, आणि यंदाची पोरं मी अशी तयार केली होती की आनंदाने मला आठवडाभर झोप नव्हती.

"त्याची बायको जोवान्ना समोरच्या इस्लाची ना?" ग्रेत्सू नावाडी म्हणाला. "पळवला असेल त्यांनी."

"मग त्यांची घरं उन्हात बांधतो," मी म्हणालो. "पण आधी बोर्मलाला चल. तिथे त्याचा भाऊ राहतो."

बोर्मला म्हणजे नुसत्या पायऱ्या. मी धापा टाकत वर पोचलो, तर भावाच्या दाराला कुलूप. समोरच्या सज्जात एक बाई कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "विस्तिनला शोधताय का, मास्तर? दोघे भाऊ पहाटेच इस्लाकडे पळाले. धाकट्याच्या पायात एकच चप्पल होती."

ग्रेत्सूला होडीकडे पाठवून मी एकटाच निघालो. इस्ला, शर्यतीतलं आमचं हाडवैरी गाव, आमच्या अगदी समोर आहे. मधे एवढंसं पाणी. तरी वीस वर्षांत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. कशाला टाकू? आज त्यांच्या चर्चच्या मातेचा सण. वेशीपासूनच लाल रेशमी पताका, बँडवाले, भट्टीतून नुकत्याच निघालेल्या गरम पास्तीत्सींचा, म्हणजे चीज भरलेल्या करंज्यांचा वास. प्रत्येक गल्ली धावत जाऊन समुद्राला भिडत होती, आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला माझं बिर्गू उन्हात न्हात उभं होतं, किल्ल्यासकट. आपलं गाव इतकं देखणं आहे हे शत्रूच्या गल्लीतून कळावं, याचा मला भयंकर राग आला.

"मास्तर, हरायला इतक्या लवकर?" एक म्हातारा खुर्चीतून ओरडला.

"तुमचं रडणं बघायला पुढची जागा धरतोय, आजोबा."

विचारत गेलो, तर विस्तिन सासूच्या घरी जिन्यात बसला होता; भाऊ सुईणीसाठी पाणी वाहत होता. चेहरा पांढराफटक. मी शिवी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वरून बाईची किंकाळी आली.

"पहाटेपासून असंच चाललंय," तो म्हणाला. "मूल पायाळू आहे म्हणते सुईण. जोवान्ना म्हणते, तू जा. येतो मी, मास्तर." तो उठला.

त्याची सासू वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. "न्या हो याला," ती म्हणाली. "नुसता पायात येतोय."

माझी थोरली झाली तेव्हा मी शर्यतीत होतो. पहिला आलो. तो झेंडा भिंतीवर आहे. बायकोने बावीस वर्षांत त्याच्याकडे मान वर करून पाहिलेलं नाही. मी विस्तिनला खांदे धरून खाली बसवलं.

"बस इथेच."

"आणि चौथं वल्हं?"

"माझे हात काय गहाण पडलेत?"

एकावन्नाव्या वर्षी ते बोलणं सोपं होतं. शर्यतीत निम्म्या अंतरातच माझ्या छातीचा भाता फाटला. इस्लाच्या तटाखाली आलो तेव्हा आम्ही सगळ्यात मागे होतो, आणि तटावरचं अख्खं गाव आमची हुर्यो उडवत होतं. त्यांची होडी सर्वांत पुढे, मग काय विचारता.

मग एकदम वर शांतता झाली. गर्दी दुभंगली आणि कठड्याशी विस्तिन दिसला. शेजारी सासू, तिच्या हातात पांढरं गाठोडं.

"मुलगी, मास्तर!" तो ओरडला. "दोघी सुखरूप!"

माझं वल्हं हवेतच थांबलं. पुढच्या तिघांनी मला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

"अरे वल्हवा की!" सासू वरून गरजली. "माझ्या नातीच्या बापाचं गाव शेवटचं येऊ देता?" मग ती आपल्या गाववाल्यांकडे वळली. "आणि तुम्ही काय बघता? ओरडा!"

आणि इस्लाच्या तटावरून, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच, "बिर्गू! बिर्गू!" असा गजर उठला. कुठून ताकद आली कोण जाणे. एक होडी मागे टाकली. आम्ही शेवटून दुसरे आलो, आणि धक्क्याला लागेपर्यंत मी ढसाढसा रडत होतो.