देणाऱ्यांची नावं

पोलीस जमादार काकासाहेबांनी पितळी हंड्याच्या गळ्यावरची धूळ अंगठ्यानं पुसली, चष्मा नाकावर घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "भागूबाई दगडू खरात." मग ते नाव यादीत उतरवलं.

गारखेड्यातल्या पाणीपुरवठा कार्यालयासमोरचा रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत हंड्यांनी अडला होता. रस्त्यावर बाई एकही नाही. वस्तीत बारा दिवस टँकर फिरकला नव्हता, आणि आंदोलनांवरचा नवा कायदा सोमवारीच लागू झाला होता. घोषणा दिली तर गुन्हा, रस्त्यात बसलं तर गुन्हा, पाचजणी एकत्र उभ्या राहिल्या तरी गुन्हा. तहानेचं कलम तेवढं घालायचं राहून गेलं असावं. तेव्हा बायकांनी टँकरच्या नंबराला लावतात तसे हंडे लावले आणि स्वतः फुटपाथवर चौघी-चौघी करून उभ्या राहिल्या. हंडा नंबरात म्हणजे बाई नंबरात, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

जमादारांचे साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. "भांड्यांवर नावं असतात ना? ती घ्या आणि नोटिसा काढा," एवढं बोलून त्यांनी काच वर केली.

"भागूबाई खरात कोण?" जमादारांनी विचारलं.

 फुटपाथवरच्या गीताबाईनं तोंडाला पदर लावला, तिला हसू आवरेना. यादीत एकवीस नावं चढली होती आणि त्यातली निम्मी माणसं कधीच वारली होती. लग्नात आलेल्या हंड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. जमादार इथल्याच करमाड गावचे, त्यांच्या घरीही असे दोन-चार हंडे असणारच. पण वरून हुकूम आला की माणूस घरची भांडी विसरतो.

"गप ऱ्हाय," गीताबाई मनकर्णाबाईच्या कानात म्हणाली. "हुडकू दे त्यान्ला मसणात."

 मनकर्णाबाई वस्तीतल्या शाळेत खिचडी शिजवायची. कुणावर केस झाली तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद, असं त्याच आठवड्यात शाळेतल्या सगळ्यांकडून लिहून घेतलं होतं. घरात दुसरी कमाई नव्हती. तोंड मिटून उभं राहिलं की नोटीस हंड्यावरच्या, म्हणजे आईच्या नावानं निघणार होती, आणि आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"ए भागूबाई!" जमादार आता खेकसले. "हंडे ठिवायला लई जोर आला व्हता! आता कुठं लपून बसलीस?"

मनकर्णाबाईच्या अंगाची आग झाली. खुलताबादच्या रस्त्याच्या कामावर मुकादमाला शंभर माणसांत जाब विचारणारी तिची आई. ती लपून बसली?

ती फुटपाथवरून खाली उतरली.

"ती कुनाला लपत नसती," ती म्हणाली. "आई व्हती माझी. नऊ वर्सं झाली जाऊन. हंडा माझा हाय, मीच ठिवलाय."

जमादारांनी यादीकडं पाहिलं, मग हंड्यांकडं. त्यांचा चेहरा उतरला.

"मंग ही समदी नावं..."

"देनाऱ्यांची. तुमच्या घरी न्हाईत व्हय?"

त्यांनी जीपकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मावशी, मी काय ऐकलं नाय. जावा, गुमान उभ्या ऱ्हावा तिकडं."

"ऐकलं तुमी. तिचं नाव खोडा. माझं लिवा. मनकर्णाबाई मोतीराम साळवे."

त्यांनी खोडलं, लिहिलं, आणि पुढच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"काम?"

"खिचडी शिजवते. शाळंत."

"घरकाम लिहितो."

"घरकाम घरी करते. शाळंचं लिवा."

जमादारांनी लिहिलं.  उद्या चूल कशी पेटणार हे मनकर्णाबाईला ठाऊक नव्हतं. ती परत जायला वळली, तर वाट नव्हती. तिच्या पाठीला लागून गीताबाई उभी होती, गीताबाईच्या मागं वस्तीतलीच सुलेखा, आणि तिच्या मागं रस्त्याच्या मधोमध बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"सरक की बाई," गीताबाई म्हणाली. "मला बी माझ्या सासऱ्याचं नाव खोडायचंय."