दोघींचा एक जोड

थोरली जाऊ कौतुक सांगायला लागली की लाँड्रीत आलेलं गिऱ्हाईक दाराकडे बघायला लागायचं. कौतुक एकाच माणसाचं असायचं, धाकट्या जावेचं. धाकटी अशी पळते, धाकटी तशी पळते, यंदा ती अग्निशमन दलात लागली नाही तर मी माझं नाव बदलेन. गिऱ्हाईक बिचारं म्हणायचं, लागेल हो, का नाही लागणार, पण माझ्या शर्टाचं काय झालं? शर्ट मिळायचा, पण पुराण पूर्ण झाल्यावरच.

तसं कारणही होतं. गेल्या वर्षी धाकटी बाकी सगळ्या चाचण्यांत पास झाली आणि धावण्यात अगदी थोडक्यात हुकली. घरी येऊन तिने सरळ हॉटेलच्या चादरींचा ढीग इस्त्रीला घेतला. थोरलीलाच राहवलं नाही. मशीनच्या आवाजाआड तिने मनसोक्त रडून घेतलं. वयाच्या अटीप्रमाणे आता ही एकच संधी उरली होती. यंदा हुकलं तर जन्मभर चादरीच. चादरींत वाईट काही नाही, थोरलीने त्यावरच संसार उभा केला होता. पण धाकटीला शिडीवर चढायचं होतं, आणि तिने ते फक्त थोरलीलाच सांगितलं होतं.

पळायला लावलं तेही थोरलीनेच. डॉक्टरांनी तिला वजन कमी करा म्हणून दम दिला, एकटीला लाज वाटली, म्हणून तिने धाकटीला ओढून नेलं. चार दिवसांत धाकटी इतकी पुढे निघून गेली की थोरलीला फक्त तिची पाठ दिसायची. दुसरी एखादी जळाली असती. हिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढे काम वाढलं, दोघींना एका वेळी दुकान सोडता येईना. मग एक सकाळी मैदानावर, दुसरी संध्याकाळी. पाऊल दोघींचं एका मापाचं, तेव्हा बूटही एकच जोड. बूट काय दिवसभर पळतात का, असा थोरलीचा सवाल. या घरात छत्री एक, बॅग एक, चांगली शालही एकच; ज्या जावेला बाहेर जायचं ती घेऊन जायची. त्यावरून कधी शब्दाला शब्द लागला नाही, आणि याचाही थोरलीला तोरा होता.

चाचणी जवळ आली तसं थोरलीने ठरवलं, यंदा धाकटीला स्वतःचे नवे बूट. धाकटी नको नको म्हणत होती, पण तिचं कोण ऐकतंय. थोरलीने जुना जोड पिशवीत टाकला आणि एकटीच खेळाच्या सामानाच्या दुकानात गेली.

दुकानदार सावकाश बोलणारा माणूस होता. तो म्हणाला, जी पळणार तिलाच आणा, पळताना बघतो. थोरली म्हणाली, तिला वेळ नाही आणि तिचा पाय मला पाठ आहे. नाइलाजाने त्याने जुने बूट उलटे केले, उजेडात फिरवून पाहिले आणि थक्क झाला. बहुतेकांचा तळ एका कडेला जास्त झिजतो, पाऊल आत कललं तर आतल्या, बाहेर कललं तर बाहेरच्या. हा दोन्ही कडांना अगदी सारखा झिजला होता. इतकं सरळ पाऊल मी क्वचित पाहिलं, असं त्याने कबूल केलं.

झालं. थोरलीला आणखी काय हवं होतं? हा जोड दोघी घालतात, हे त्याला सांगायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. घरात राहतो तो घरातलं पाणी पितो, यात सांगण्यासारखं काय असतं? त्याने सरळ पावलाचे, मऊ तळाचे निळे बूट काढले, तिने ते मिरवत आणले. दोन दिवस येणाऱ्या जाणाऱ्याला सरळ पावलाची गोष्ट ऐकावी लागली.

नवे बूट धाकटीने पायात घातले आणि थोड्याच दिवसांत तिची नडगी आतल्या बाजूने ठणकायला लागली. ती बोलली नाही. कशी बोलणार? थोरली बुटांकडे असं बघायची की जणू तिनेच ते घरी शिवलेत. धाकटी सकाळी पळून यायची, मोरीत पायावर गार पाणी ओतायची आणि इस्त्रीच्या टेबलाशी एका पायावर भार देऊन उभी राहायची.

थोरलीच्या नजरेतून चादरीवरची सुरकुती सुटत नाही, मग हे कसं सुटेल? पण तिने अर्थ भलताच काढला. तिला वाटलं, धाकटीने हाय खाल्ली, अंग चोरतेय. तिने चांगलंच फैलावर घेतलं. धाकटीने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि जिना उतरायला निघाली. उतरताना तिने कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

ते पाहून थोरली मागोमाग निघाली. तिने खाली जाऊन धाकटीची सलवार वर केली. नडगीवर सूज होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नवे बूट घेतल्यापासून," धाकटी म्हणाली. "तुम्ही इतक्या हौसेने आणलेत, ताई."

थोरलीने निळे बूट टेबलावर उलटे ठेवले. नुकते आणलेले, तरी आतल्या कडेची नक्षी पुसट झाली होती, बाहेरची जशीच्या तशी. मग तिने आपल्या पायातला जुना जोड काढून शेजारी ठेवला. तो आता तिचा एकटीचाच होता, आणि त्याची बाहेरची कड आता आतल्या कडेपेक्षा खाली गेली होती. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. धाकटीचं पाऊल आत कलतं, आपलं बाहेर. वर्षानुवर्षं एकीने एक कड झिजवली, दुसरीने दुसरी, आणि दुकानदाराने ज्या सरळ पावलाची तारीफ केली ते पाऊल या घरात कुणाचंच नव्हतं.

तिला आधी हसू आलं आणि मग स्वतःचा असा राग आला की विचारू नका. गेल्या वर्षी धाकटी हुकली तीही त्याच सामाईक जोडात. तिचा बूट तिचा कधी नव्हताच.

त्याच संध्याकाळी लाँड्रीला कुलूप लागलं. दुकानदाराला थोरलीने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. त्याने कपाळाला हात लावला, धाकटीला दुकानाबाहेरच्या फुटपाथवर पळवलं आणि आतल्या बाजूने घट्ट आधार असलेले तीन जोड पुढे ठेवले. कुठला बरा वाटतो, त्याने विचारलं. धाकटीने सवयीने थोरलीकडे पाहिलं.

आता खरी परीक्षा थोरलीची होती. तिला राखाडी जोड आवडला होता, जिभेवर आला होता. तिने ओठ आवळले, उठली आणि सरळ रस्त्यावर जाऊन पाठ करून उभी राहिली. आत धाकटी एकेक जोड घालून चालत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भडक नारिंगी बूट होते, डोळ्यांना टोचतील असे.

"हे माझे आहेत," धाकटी म्हणाली.

थोरलीने रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. घरच्यांनी ते एक नवल म्हणून बरेच दिवस सांगितलं.

चाचणीपर्यंत सूज उतरली. त्या सकाळी थोरली मैदानाच्या जाळीला चिकटून उभी होती, जीव टांगणीला लागलेला. सुरुवातीला धाकटी मधल्या घोळक्यात होती आणि थोरलीला वाटलं, गेलं. दुसऱ्या फेरीत ती घोळक्यातून सुटली. तिचं पाऊल पडत होतं तसं लगेच उचललंही जात होतं, कुठे अडत नव्हतं, आणि शेवटच्या वळणावर तर तिने मागे बघायचंही सोडून दिलं. घड्याळ धरलेल्या अधिकाऱ्याने तिचा क्रमांक पास झालेल्यांत पुकारला. थोरलीने शेजारच्या अनोळखी बाईचा हात इतका घट्ट धरला की ती बाई घाबरली. माझी जाऊ आहे ती, थोरलीने तिला सांगितलं, आणि मग पलीकडच्या माणसालाही सांगितलं.

धाकटी येऊन बाकावर कोसळली. श्वास आवरत नव्हता, वाकून बुटाची नाडी सोडायचंही त्राण नव्हतं. थोरली तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचा पाय मांडीवर घेऊन नाडी सोडायला लागली. धाकटीने दचकून पाय मागे घेतला.

"ताई, हे काय? तुम्ही मोठ्या आहात. माझ्या पायांना कसला हात लावताय?"

थोरलीने पाय पुन्हा ओढून घेतला.

"लावू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं हे पाय माझेच समजत होते. तुझे आहेत हे आज बघितलं."